ओळखीच्या एक बाई

५ जून

ताई,

'तीर्थस्वरूप' असं लिहून सुरुवात केली की तू लगेच 'आता काय मागायचंय?' म्हणतेस, म्हणून नुसतंच ताई. मागायचं आहे, ते खरंच.

आधी बातमी ऐक. मी कॉलेजात नाव घातलं! घरबसल्या, कॉम्प्युटरवर, पण पदवी खरीखुरी. विषय मानवसेवा. म्हणजे काय असं आमच्या ह्यांनी विचारलं आणि वर 'या घरात मानव राहत नाहीत का' असंही विचारून घेतलं. म्हाताऱ्या, आजारी, एकट्या पडलेल्या, घर सुटलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं आणि त्यांना योग्य त्या मदतीपर्यंत पोचवायचं, हे ते काम. तुला माहीतच आहे, कुरियरच्या कंपनीत कानाला हेडफोन लावून 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. हरवलेली पार्सलं पुष्कळ शोधून झाली. आता जरा माणसांकडे बघावं म्हणते.

पहाटे उठते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटं पातेलं, त्यावर लॅपटॉप. पडद्यावर आमच्या मॅडम. ऐन व्याख्यानात कुकरची शिट्टी होते तेव्हा त्या थांबतात आणि विचारतात, 'झाली का तुमची?' मला त्या फार आवडतात.

तर मागणं असं. पहिला सराव 'ऐकण्याचा' आहे. एका माणसाला त्याच्या अडचणीबद्दल लिहायला सांगायचं आणि तीन वेळा उत्तर द्यायचं. उत्तरात सल्ला द्यायचा नाही, स्वतःची रडगाणी गायची नाहीत, मदतीला धावायचं नाही. समोरचा जे म्हणाला ते नीट समजून त्यालाच परत सांगायचं आणि पुढे बोलतं करायचं. तू मला लिहिशील का? आईबद्दल, तुझ्याबद्दल, काहीही. एरवीही फोनवर आई शेजारी बसलेली असते आणि प्रत्येक वाक्याला 'माझ्याबद्दल काय सांगतेयस त्यांना?' म्हणते, त्यामुळे आपलं धड बोलणं होतच नाही.

घरचं माणूस सरावाला चालत नाही असा एक नियम आहे. पण मॅडमना काय कळतंय? मी 'ओळखीच्या एक बाई' असं लिहून देईन.

तुझी,
बारकी

१६ जून

बारके,

अभिनंदन. तू लहानपणी बाहुल्यांना रांगेत बसवून 'तुम्हाला काय दुखतंय' विचारायचीस, तेव्हाच मी आईला म्हटलं होतं की ही एक दिवस जगाला पिडणार. कर अभ्यास. मनापासून सांगते, मला बरं वाटलं.

आता तुझ्या ओळखीच्या बाईंचं ऐक. आई शरीराने ठणठणीत आहे, तीच पंचाईत. दिवसभर घरात फेऱ्या मारते. चमचे बुटांत लपवते. मला बाई म्हणते. परवा मी तिचे केस विंचरत होते तर हळूच विचारते, 'बाई, तुम्हाला पगार कोण देतं?' मी म्हटलं, कोणीच नाही. तर म्हणाली, 'मग तुम्ही दुसरीकडे बघा, इथे राहू नका.' हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग खरंच आलं.

तुझा फोटो मात्र ती उशाशी घेऊन झोपते. 'ही माझी धाकटी' म्हणून मलाच दाखवते. आणि विचारते की मोठी कधी येणार.

दवाखान्यात मी अजून सकाळीच जाते. दातांच्या डॉक्टरांचा स्वभाव तोच, पेशंटच्या तोंडात आरसा घालून त्यालाच प्रश्न विचारतात. तेवढा वेळ आई एकटी असते. खालचे चष्मेवाले मधून मधून वर येऊन बघतात, त्यांच्याकडे एक किल्ली दिली आहे. पण त्यांनाही दुकान आहे.

एवढं पुरे का तुझ्या सरावाला?

ताई

२४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातून मला असं ऐकू आलं की आईची काळजी घेताना तू स्वतः तिला दिसेनाशी झाली आहेस, आणि ते तुला आतून लागतं आहे. विनोद करून तू ते झाकतेस, असंही मला जाणवलं. दवाखान्यात असताना तुझा जीव घरात अडकलेला असतो, हेही मी ऐकलं.

मोठी कधी येणार असं आई विचारते तेव्हा तुझ्या मनात काय येतं? याबद्दल आणखी सांगावंसं वाटतं का?

तुझी,
बारकी

ता. क. हे मॅडमना दाखवलं. 'सुरेख' असा शेरा मिळाला! या वयात कोणी सुरेख म्हटलं की कसं वाटतं म्हणून सांगू.

९ जुलै

बारके,

तुझं पत्र आलं आणि क्षणभर मला वाटलं, माझंच पत्र पत्ता चुकून परत आलं. अगं, मी काय लिहिलं ते मला माहीत आहे. मीच लिहिलं होतं. तू कुरियरवाल्यांकडे बोलायचीस त्यात आणि यात फरक काय? तेव्हा निदान पार्सल कुठे आहे ते तरी शोधायचीस.

असो. अभ्यास आहे, मी समजू शकते. (बघ, मलाही जमतं.)

आता जरा नीट लिहिते, चेष्टा बाजूला ठेवून. गेल्या आठवड्यात मी कामावर असताना आई घराबाहेर पडली. अनवाणी. चौकातल्या औषधवाल्याने ओळखली म्हणून परत आली. दार बंद करून जायचे तरी कडी आतून तिच्या हाताला लागते. म्हणून आता तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. खोलीला लागून मोरी आहे, पाणी आहे, खायला ठेवून जाते. ती आतून दार वाजवते. मी जिना उतरत असते आणि ती वाजवत असते. चष्मेवाल्यांनी एकदा विचारलं की वर सुतारकाम काढलंय का. मी हो म्हटलं.

झोप म्हणशील तर ती कधी लागते आणि कधी उडते ते मलाच कळत नाही. आई उठून बसली की मी उठते. परवा दवाखान्यात टेबलावरच डोळा लागला आणि एकाच वेळेला दोन पेशंट बोलावून ठेवले. डॉक्टरांनी समज दिली. काल आई जेवण थुंकली तेव्हा माझा हात वर गेला. खाली आला नाही, पण वर गेला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बारके, आपल्या आईने माझ्या भीतीने तोंड झाकलं.

तू सुट्टी काढून ये. आठवडाभर ये. मला काही समजून घ्यायला नको, मला झोपायचं आहे.

आणि येताना तो मोठा टॉवेल घेऊन ये, मागच्या वेळी आणला होतास तसला.

ताई

१९ जुलै

प्रिय ताई,

किती मनापासून लिहिलंस. इतकं उघड कोणापाशी बोलणं सोपं नसतं, त्याबद्दल आधी तुझे आभार.

तू फार दमली आहेस, असं मला ऐकू आलं. हात वर गेला त्या क्षणाची तुला लाज वाटते आहे आणि भीतीही. कडी लावताना तुझ्या मनाची ओढाताण होते आहे. आणि कोणीतरी आपल्यासोबत असावं असं तुला वाटतं आहे.

या सगळ्यातून तुला नेमकं काय हवं आहे असं वाटतं? तुझ्या आतल्या कोणत्या ताकदीवर तू आजवर इतकं निभावलंस?

तुझी,
बारकी

ता. क. येण्याचं विसरले नाही गं. पण सरावाचं तिसरं उत्तर व्हायचं आहे, तोवर मधे मदत करून चालत नाही, सगळा सराव वाया जातो. शिवाय कंपनीत सध्या सुट्टी मागायची सोय नाही. हा टप्पा झाला की बघतेच. तुझं पत्र (नावगाव, नातं न सांगता) मी वर्गात वाचून दाखवलं.  पडद्यावरच्या चौकोनांतल्या एकीने तर डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, या बाईंना आणखी कोणाचा आधार आहे का ते विचारा. मी सांगितलं, आहे, त्यांना एक बहीण आहे.

१४ ऑगस्ट

प्रिय बारकी,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. माझी नोकरी व्यवस्थित चालू आहे आणि हल्ली झोपही लागते. तू काळजी करू नयेस. अभ्यास चांगला करावास.

घरच्या सर्वांना नमस्कार.

ताई

२३ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली! बघितलंस? मन मोकळं केलं की माणूस आपला आपण मार्ग काढतो. मॅडम अगदी हेच शिकवतात. झोप लागायला लागली हे वाचून तर माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी उगाच घाबरून धावत आले असते तर तुला स्वतःच्या पायावर उभं राहायला मिळालं नसतं.

तिसरं उत्तर म्हणजे वरचंच, मॅडमना आधी दाखवून घेतलं. सराव संपला. पंचवीसपैकी तेवीस मिळाले, वर्गात सगळ्यांत जास्त. त्यातले निम्मे तुझे. आता बावीस सप्टेंबरला लेखी परीक्षा.

दोनदा फोन केला, उचलला नाहीस. कामात असशील. आणि 'काळजी करू नयेस' हे काय गं? एवढी औपचारिक कधी झालीस? दातांच्या दवाखान्याचं पत्र आल्यासारखं वाटलं.

तुझी,
बारकी

२ सप्टेंबर

ताईंच्या धाकट्या भगिनींस,

स. न. वि. वि. आपली ओळख नाही. आपल्या ताईंच्या घराखाली माझं चष्म्याचं दुकान आहे. फोन नंबर मागितला तर ताईंनी दिला नाही, 'तिची परीक्षा आहे' म्हणाल्या. टेबलावर आपलं पाकीट होतं, त्यामागचा पत्ता बघून लिहीत आहे. लिहिण्याची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

परवा सकाळी माझ्या दुकानाच्या छतातून पाणी ठिबकू लागलं. आधी अक्षरांच्या तक्त्यावर, मग काचांच्या खणांवर. गिऱ्हाईक समोर बसलेलं. मी संतापून वर गेलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर आतल्या खोलीला बाहेरून कडी. कडी काढली तेव्हा आपल्या मातोश्री मोरीजवळ पाण्यात बसलेल्या होत्या. नळ पूर्ण उघडा. घसरून मनगट मोडलं होतं. त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, 'दुकान उघडलं का?' नंतर दवाखान्यात नेऊन प्लास्टर घातलं. आता ठीक आहेत.

गिऱ्हाइकालाच त्यांच्यापाशी बसवून मी ताईंना बोलवायला दातांच्या दवाखान्यात गेलो, तर तिथे दुसऱ्याच मुली बसलेल्या. त्यांनी सांगितलं की ताईंची नोकरी जुलैतच गेली. मी चक्रावलो. कारण ताई रोज सकाळी पर्स घेऊन, नीटनेटक्या होऊन माझ्या दुकानावरूनच जात होत्या. त्यातलीच एक मुलगी म्हणाली, 'त्या बसस्थानकावर असतात, बायकांच्या प्रतीक्षागृहात. रोज दिसतात.' मी गेलो. ताई तिथे बाकावर ताठ बसून झोपल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मला हाक मारायचं धाडस होईना. मी थोडा वेळ शेजारी उभा राहिलो आणि मग हाक मारली. त्या दचकून उठल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, 'मी आलेच, आई.'

लोक नावं ठेवतील. मी ठेवत नाही. ते दार वाजवणं मी जवळजवळ दोन महिने ऐकत होतो. सुतारकाम इतके दिवस चालत नाही, हे मलाही कळत होतं. मी वर जाऊन बघणं सोडलं होतं आणि रेडिओ मोठा करत असे. तेव्हा कोणाला बोलण्याचा मला अधिकार नाही.

आपण लवकर यावं. पाण्याने झालेल्या नुकसानीचा विषय मी काढणार नाही, तेही ताईंना सांगावं. त्या मला बघून जिन्यात मागे फिरतात.

आपला,
खालचा चष्मेवाला

७ सप्टेंबर

ताई, माझी ताई,

चष्मेवाल्यांचं पत्र आज मिळालं.  कामावरून परत आल्यावर ते वाचलं, तेव्हापासून नुसती रडते आहे. नोकरी गेली आणि तू मला कळवलंही नाहीस? 'झोप लागते' असं लिहिलंस आणि मी टाळ्या वाजवल्या! तू बसस्थानकावर झोपत होतीस आणि मी त्याचे मार्क घेतले. आरशात बघवत नाही मला. तू मला एकदा स्पष्ट ओरडून सांगायचं होतंस गं. मी इतकी परकी का झाले?

नाही, सांगितलं होतंस. 'ये' म्हणून लिहिलं होतंस. ते पत्र आत्ता पुन्हा काढून बघितलं, टॉवेलच्या आधीची ओळ. मी ती वर्गात मोठ्याने वाचलीसुद्धा होती.  माझ्याइतकं वाईट या जगात आज कोणालाच वाटत नसेल.

परीक्षा बावीसला आहे. ती झाली की त्याच संध्याकाळी निघते. तोवर दोन आठवडे कसे काढायचे मला कळत नाही. तू मला माफ करशील ना? दोन ओळी लिही. तुझ्या दोन ओळी आल्या की मला परीक्षेला बसण्याचं बळ येईल.

तुझी अभागी,
बारकी

१२ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्र मिळालं. त्यातून मला असं ऐकू आलं की तुला फार अपराधी वाटतं आहे, तू खूप रडली आहेस, आणि परीक्षा तोंडावर आल्यामुळे तुझी ओढाताण होते आहे. हे सगळं एकाच वेळी सांभाळणं तुला जड जात असेल.

या सगळ्यातून तुला नेमकं काय हवं आहे असं वाटतं?

तुझ्या ओळखीच्या एक बाई

१८ सप्टेंबर, दुपारी
आपल्याच घरातून, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

ताई,

तू तिकडे खोलीत आहेस आणि मी इथे बसून तुला पत्र लिहिते आहे. मी काल आल्यापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. दार उघडलंस, आईच्या गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिलास, कोणती कधी ते सांगितलंस आणि वळलीस. तेवढंच. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. बोलायला लागले असते तर मीच परत रडले असते आणि तुला माझे डोळे पुसत बसावं लागलं असतं.

आज सकाळी प्लास्टर दाखवायला तू आईला एकटीच घेऊन गेलीस, मला बरोबर येऊ दिलं नाहीस. तेवढ्यात मी चष्मेवाल्यांकडून स्क्रूड्रायव्हर आणला. आईच्या खोलीची बाहेरची कडी काढली आणि तुझ्या खोलीला बसवली, आतल्या बाजूने. जरा तिरकी बसली आहे. परत आलीस तेव्हा तू आधी आईच्या दारावरची भोकं बघितलीस, मग तुझं दार बघितलंस. आत गेलीस. मी आईची चप्पल काढत होते. मग कडी लागल्याचा आवाज आला. मी हातात चप्पल घेऊन तशीच बसून राहिले.

हे पत्र दाराखालून सरकवते आहे. उठल्यावर तुला कळायला हव्यात म्हणून काही गोष्टी लिहिते.

मॅडमना मी सगळं सांगितलं. ओळखीच्या बाई म्हणजे माझी सख्खी बहीण, हेही.  त्या म्हणाल्या, 'घरचं माणूस घेऊ नका म्हटलं होतं ते याचसाठी. परक्याचं आपण ऐकायचं असतं, आपल्या माणसाकडे जायचं असतं.' माझे मार्क रद्द झाले. परीक्षाही या वेळी नाही, पुढच्या सत्रात पहिल्यापासून. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांनीच एक काम केलं. तुमच्या इथून दोन बसथांब्यांवर म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे, ते शोधून दिलं. उद्या मी आईला घेऊन बघायला जाते. तिथे जागा मिळायला नंबर लावावा लागतो, लगेच होणार नाही. मी महिनाअखेरपर्यंत आहे, बिनपगारी. त्याच्या पुढचं मला अजून सुचलेलं नाही आणि सुचलंय असं मी तुला सांगणारही नाही.

आई जेवली. थुंकली, मग परत जेवली. उशाशी माझा फोटो ठेवलाय आणि मला मात्र तिने ओळखलं नाही. 'तुम्ही नवीन बाई का?' असं विचारलं. मी हो म्हटलं. केस विंचरायला घेतले तर दोनदा डोकं मागे ओढलं आणि कुरकुरली, 'आधीच्या बाई बऱ्या होत्या. त्या हळू विंचरायच्या.' मग जरा वेळाने म्हणाली, 'त्यांना परत बोलवा.' मी म्हटलं, त्या झोपल्या आहेत, त्यांना उठवायचं नाही. तेव्हापासून ती ओठांवर बोट ठेवून घरभर फिरते आहे. तुझ्या दारापाशी आली की टाचा उचलून चालते.

टॉवेल आणला आहे. बाथरूममध्ये आहे.

या पत्राला उत्तर नको. झोप.

बारकी